कणगीमागचं जनावर

माझं लग्न जुळवायला आलेल्या मंडळींनी सगळं सांगितलं होतं. विहीर बारमाही आहे, बैल चांगल्या बाजारचे आहेत, मुलाला नगरच्या छावणीत मोटारी दुरुस्त करायचं काम लागलंय, घरात एकटी सासू आहे आणि तिच्या दोन्ही डोळ्यांत फुलं पडलीत, तेव्हा मुलगी कामसू हवी. घरात धामण पाळलेली आहे, एवढं मात्र सांगायचं राहिलं. विसरले असतील. त्या बाजूला माणसं अशा गोष्टी सहज विसरत.

माझं माहेर शिर्डीकडचं, पाटपाण्याचं. ऊस, चिखल आणि डास यांतच मी वाढले. मी लहान असताना माझ्या धाकट्या भावाला उसाच्या बांधावर पान लागलं. आमच्याकडे साप चावला असं तोंडाने म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. त्याला घोंगडीत घालून घरी आणलं तेव्हा चुलतीने मला पोटाशी ओढलं आणि माझ्या डोळ्यांवर पदर धरला. त्याचं तोंड मी पाहिलं नाही, ते नाहीच. आईचं डोकं त्यानंतर ठिकाणावर राहिलं नाही. दिवेलागणीला ती दारात येऊन विचारायची, "आला का गं?" आणि मी म्हणायची, "न्हाई अजून." वडिलांनीच तसं सांगायला शिकवलं होतं. मग ती चुलीपाशी जाऊन बसायची.

अशा घरातली मी पोर जामखेडच्या बाजूला दिली. कोरडा मुलूख. वैशाखात लग्न झालं, पूजा झाली आणि हे नगरला निघून गेले. लढाईचे दिवस होते, छावणीत रजा मिळत नसे. राहिलो आम्ही दोघी. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी मला हाताला धरून कोठीत नेलं. कोठी म्हणजे माजघरामागची धान्याची खोली. तिला खिडकी नव्हती. भर दुपारीसुद्धा आत गेलं की आपला हात आपल्याला दिसत नसे. रॉकेल मिळायची मारामार, आणि आंधळ्या बाईला दिवा हवा कशाला? आत तुरकाठ्यांची शेणाने लिंपलेली कणगी होती. तिच्या बुडाशी दाणे काढायला भोक होतं, त्यात चिंध्यांचा बोळा कोंबलेला. कोण्या शहाण्याने कणगी बसवताना ते भोक भिंतीच्या बाजूला केलं होतं. दाणे काढायचे तर खाली बसून कणगी आणि भिंत यांच्या फटीत कोपरापर्यंत हात घालावा लागे.

"आदी बांगडी वाजीव," सासूबाई म्हणाल्या, "म्हंजी बया बाजूला हुती."

मला वाटलं मांजर असेल. मी विचारलं, बया कोण? त्यांनी सांगितलं. नांगरटीत सापडलेलं धामणीचं पिल्लू, त्यांनी ते रांजणात ठेवून वाढवलं होतं. कोठीत उंदीर म्हणून राहिला नाही. सरकारने लेव्हीत धान्य नेल्यावर उरलेल्या ज्वारीवर आम्हाला वर्ष काढायचं होतं, त्यामुळे त्या धामणीचा मान घरात सुनेपेक्षा मोठा होता.

मी कोठीतून जी पळाले ती थेट गोठ्यात. तिथे गाईच्या गळ्यात पडून रडले. त्या दिवसापासून मी कोठीच्या उंबऱ्याबाहेर सूप घेऊन उभी राहायची आणि आंधळी सासू आत जाऊन दाणे काढायची. आतून तिच्या बांगड्या वाजत, मग ती कोणाशी तरी हळू बोले, मग पोतं ओढल्यासारखा आवाज होई. मी कानांत बोटं घालायची. उंबऱ्याला पाय लावायचा धीर मला होत नव्हता.

गावात ही गोष्ट पसरायला कितीसा वेळ लागतो? आषाढात हे एक दिवसाची रजा काढून आले, तोवर त्यांच्या कानावर सगळं गेलं होतं. मी आपणहोऊनच विषय काढला. म्हटलं, घरात एक ती धामण राहील नाहीतर मी. मी तोंडाची फटकळ होते, अजून आहे. ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, आईला दिसत नाही, तिला दाणे काढायला लावतेस, मग तुला आणलं कशाला? दिवाळीला मी येतो. तोवर जमलं तर ठीक, नाहीतर माहेरी सोडून येतो.

माहेरी सोडून येणं याचा अर्थ त्या काळी प्रत्येक पोरीला कळत होता. टाकलेली. वडिलांना गावात मान खाली घालावी लागली असती, आणि मला जन्मभर दिवेलागणीला आईच्या त्या प्रश्नाला उत्तर देत बसावं लागलं असतं. कोठीचीही भीती आणि माहेरचीही.

नागपंचमी आली. आदल्या दिवशी बाया भावासाठी उपवास धरतात. मी भाऊ गेल्यापासून धरला नव्हता. पंचमीला गावच्या बाया लाह्या आणि दूध घेऊन वारुळाला गेल्या. मी गेले नाही. त्या दिवशी चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, खणायचं नाही, त्यामुळे घरात हाताला कामही नव्हतं. सासूबाईंनी मला जवळ बोलावलं. माझ्या भावाचं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या,

"डोळं मीट. भ्या डोळ्यांत आसतं पोरी, हातात न्हाई."

मी डोळे मिटले. कोठीत तसंही काही दिसणार नव्हतं, पण मिटलेल्या डोळ्यांचा अंधार आपला असतो. त्या मला ओढत नव्हत्या, नुसत्या धरून होत्या. कणगीपाशी बसवलं. बांगडी वाजवली. माझा हात त्यांच्या हाताखाली फटीत गेला आणि काहीतरी लागलं.

मला वाटलं होतं ते चिकट, ओलं असेल. ते कोरडं होतं. माठाच्या अंगासारखं गार आणि कोरडं, आणि खालून हळूच फुगत होतं, बसत होतं. श्वास घेत होतं. सासूबाई म्हणाल्या, आज पंचमी आहे, भाऊ म्हण. मला म्हणवेना. मग कसं कोण जाणे, तोंडातून निघालं, "भाऊ." आणि मला हुंदका फुटला. हाताखालचं अंग सावकाश सरकत गेलं, शेपटीचं टोक बोटांतून निसटलं, आणि मी तशीच रडत राहिले.

त्या दिवसापासून मी दाणे काढू लागले. उंबऱ्यातच डोळे मिटायचे, चाचपडत कणगी गाठायची, बांगडी वाजवायची, हात घालायचा. हाताला ते लागायचं. कधी कधी ते हलायचंच नाही, मग मी म्हणायची, "भाऊ, सरक की रं." ते सरकायचं. गावात बाया विचारत, भीती वाटत नाही का? मी मोठ्या तोऱ्यात सांगायची, मुळीच नाही. धामणीला आम्ही लाडाने भाऊ म्हणतो, असंही सांगायची. त्या हसत.

पोळा झाला, आणि सासूबाई माझ्या आधी कोठीत जाऊन बसू लागल्या. कणगीच्या कडेला मांडी घालून, एक हात फटीत ठेवून. मी म्हटलं, आत्याबाई, मी येते की एकटी, तुम्ही कशाला त्रास घेता? तर म्हणाल्या, असू दे, मलाबी बसाया बरं वाटतं. मला वाटलं, म्हातारीला आपल्या बयेची आठवण येते. तिची मत्सर करायची ही तऱ्हा पाहून मला हसू यायचं.

कोठी मात्र तेव्हापासून बदलली. काय बदललं ते सांगता येत नव्हतं. कणगीला टेकलं की भिंतीतून लोहाराच्या भात्यासारखा आवाज येई आणि थांबे. एकदा दाणे काढताना माझ्या मनगटावर कोणीतरी फुंकर घातल्यासारखं वाटलं. मी डोळे उघडणार होते, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "मिटलेलं ऱ्हाऊ दे." त्यांचा आवाज वेगळाच होता. नवरात्राआधी घर सारवताना कोठीच्या दाराशी मला कात सापडली. धामण लांबलचक, आणि ही कात मला आखूड वाटली. शेजारणीने सांगितलं, धान्यात ठेव, बरकत येते. मी ती सासूबाईंना दाखवायला नेली. त्यांनी ती बोटांनी शेपटीपासून डोक्यापर्यंत चाचपली. डोक्यापाशी बोटं थांबली. मग त्यांनी ती चुलीत घातली. मला तेव्हा राग आला. एवढी अख्खी कात पुन्हा कुठून मिळणार होती?

दिवाळीला हे आले. दुपारची वेळ होती, मी कोठीतूनच दाण्यांचं सूप घेऊन बाहेर आले. त्यांनी सूप पाहिलं, मला पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा खुलला की लग्नातसुद्धा तसा नव्हता. मला जिंकल्यासारखं झालं. छावणीतून त्यांनी बॅटरी आणली होती, गावात कोणी ती पाहिली नव्हती. सासूबाई अजून आतच होत्या. हे म्हणाले, मला पण बघू दे आपली बया, आणि उंबऱ्यात उभं राहून त्यांनी बटण दाबलं.

मग अगदी हळू म्हणाले,

"आई, हात काढ."

मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. मी त्या खोलीत रोज जात होते आणि ती खोली मी पहिल्यांदा पाहत होते. शेणाची भिंत, कणगी, मांडी घालून बसलेली माझी सासू, फटीबाहेर आलेलं काळसर अंग आणि त्या अंगावर ठेवलेला तिचा सुरकुतलेला हात. हाताच्या वर, तिच्या कोपराइतका उंच, फणा. तोंड भिंतीकडे होतं, त्यामुळे फण्यावरचा दहाचा आकडा आम्हाला नीट दिसत होता.

"बत्ती खाली कर," सासूबाई म्हणाल्या. "उजेडाची सवं न्हाई त्येला."

ह्यांनी बॅटरी माझ्या हातात कोंबली आणि काठी आणायला धावले. मी उजेड जमिनीवर धरला. मी विचारलं, आत्याबाई, तुम्हाला ठाऊक होतं?

"पोळ्याच्या टायमाला हाताला कळलं. ह्यो जाड हाय. आन् त्याच्या मानंला रुंदी हाय."

"मग मला आत कशाला येऊ दिलंत?"

"माज्या आदी तू कवा आलीस?"

तेव्हा मला कळलं. बसायला बरं वाटतं म्हणून ती बाई तिथे बसत नव्हती. मी दाणे काढीपर्यंत ती नागावर हात ठेवून बसत होती. रोज. डिवचला गेला तर तिला डसेल, मला नाही.

हे काठी घेऊन आले, आणि मी दारात आडवी झाले. नवऱ्याला अडवायची माझी ही पहिलीच वेळ. लहानपणापासून जगातला प्रत्येक साप ठेचून मारावा असं वाटणारी मी म्हणाले, "त्यानं काई केलं न्हाई. जाऊ द्या त्याला." ते माझ्याकडे बघतच राहिले. मी वळून आत गेले. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण मी डोळे मिटले नाहीत. बांगडी वाजवली. सासूबाईंनी हात उचलला. फणा खाली गेला, मावळला, आणि ते जनावर भिंतीच्या कडेने, कसलीही घाई नसल्यासारखं, कोपऱ्यातल्या उंदरांच्या जुन्या बिळाकडे निघालं. मी ते शेपटीच्या टोकापर्यंत पाहिलं. कोणी माझ्या डोळ्यांवर पदर धरला नाही.

ह्यांनी बिळात दगड ठोकून वर चिखल लिंपला. खऱ्या धामणीचं काय झालं ते कधीच कळलं नाही. नागाने गिळली असेल असं लोक म्हणाले. संध्याकाळी ओट्यावर ह्यांनी आईला चांगलंच फैलावर घेतलं. एवढं कळलं होतं तर बोलली का नाहीस? सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या,

"बोलले आसते तर ती परत आत गेली न्हस्ती, आन् तू तिला सोडून आला आसतास. आन् पोरीनं त्याला भाऊ म्हनलं हुतं. ह्यो तुजा भाऊ न्हवं, आसं मी कोन्त्या तोंडानं सांगू?"

मी आत जाऊन भांडी घासायला घेतली, कारण मला रडू आवरत नव्हतं. माहेरी सोडायची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही.

भाऊबीज झाली आणि हे नगरला गेले. त्या संध्याकाळी भाकरीसाठी दाणे काढायला मी कोठीत शिरले. फटीत हात घातला. नुसती भिंत हाताला लागली. बांगडी वाजवली, तरी काही सरकलं नाही. सूप भरून ठेवलं आणि मी कोपऱ्यात जाऊन विळ्याच्या टोकाने चिखल उकरला, दगड हलवून हलवून बाहेर काढला. दगडाचा आवाज चांगलाच झाला. बाहेर दिवेलागण होत होती. सासूबाई उंबऱ्याशी येऊन उभ्या राहिल्या, कणगीच्या दिशेने तोंड करून.

"आला का गं?" त्यांनी विचारलं.

"न्हाई अजून," मी म्हणाले.