घोट्यावर टॅग असलेला शेजारी

इंग्लंडमधल्या रीडिंग गावातल्या आमच्या शेजाऱ्याच्या घोट्यावर कोर्टाने टॅग, म्हणजे तो घरी आहे की नाही हे कळवणारं यंत्र, बसवला होता. संध्याकाळी सातनंतर त्याने घराबाहेर राहायचं नाही, ही शिक्षा. कशाबद्दल, ते मी विचारलं नाही. जरा जपूनच बोलायचो. तो मात्र खुशाल हाफ पँट घालून, शीळ वाजवत कुंपण रंगवायचा.

एकदा नागपूरहून आलेली आई फिरायला गेली आणि रस्ता चुकली. कामावरून परतणाऱ्या त्या शेजाऱ्याला ती दिसली. सव्वासातला तो तिला हाताला धरून आमच्या दारात घेऊन आला.

"अरे, तुझा टॅग!" मी घाबरलो.

"टॅगवर लक्ष ठेवणाऱ्यांना मीच फोन केला," तो हसला. "म्हटलं, उशीर होतोय. बरोबरच्या बाईंना अजिबात घाई नाही."

मी आईला सगळं समजावलं.

"मग त्याला दारात काय उभा केलास?" ती म्हणाली. "घरी जाऊ दे त्याला. पोहे मी तिकडेच नेते."