न हलणारा हात

वजनमापे कार्यालयातल्या त्या निरीक्षकाला सगळे 'छूमंतर' म्हणत. तोंडावर म्हणत, पाठीमागे म्हणत, आणि कार्यालयाच्या प्रमुख असलेल्या मोठ्या बाई तर एकदा वरिष्ठांशी फोनवर बोलताना, "तपासणीला आमचे छूमंतर येतील," असंही म्हणून गेल्या होत्या. या नावात कौतुक किती आणि टवाळी किती, हे मोजायचं माप मात्र त्या कार्यालयात कुणाकडे नव्हतं.

माणूस सरळ होता. इतका सरळ, की बायकोला कधीकधी वैताग येई. पारड्याखाली चिकटवलेलं शिसं त्याला दुकानाच्या पायरीवरूनच कळायचं, पण स्वतः त्याने जन्मात कुणाला फसवलं नव्हतं. अशा माणसाला चाळिशी उलटल्यावर जादूचं वेड लागावं, याला काय म्हणायचं? गेल्या वर्षी लेकीच्या वाढदिवसाला त्याने जादूचा खोका आणला. चिऊ चार दिवसांत त्याला कंटाळली. बापाने तो जो उचलला, तो खाली ठेवलाच नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लबाड्या पकडल्या की आपणही एखादी करून बघावी असं वाटत असेल, दुसरं काय!

घरात सरावाला बंदी होती. कापलेला कपडा पुन्हा अखंड करायची जादू त्याने बायकोच्या आवडत्या स्कार्फवर करून पाहिली होती आणि त्यातला पहिला अर्धा भाग अगदी उत्तम जमला होता. तेव्हापासून सगळे प्रयोग कार्यालयातच, दुपारच्या चहाला. आणि इथेच बिचाऱ्याचं नशीब फुटकं. जगात इतकी कार्यालयं आहेत, जिथे माणसं दुपारी डोळे उघडे ठेवून झोपतात. याच्या वाट्याला आले ते सगळे लबाडी पकडायचा पगार घेणारे लोक.

तिथे नवा माणूस आला की पहिला धडा काटेवाले काका देत. काका म्हणजे आतल्या खोलीत तराजू आणि वजनं तपासणारे सर्वांत जुने गृहस्थ. ते म्हणत, "दुकानदाराच्या हलणाऱ्या हाताकडे बघायचं नाही. तो हात तुम्हाला बोलण्यात गुंतवतो. जो हात गप्प पडलेला असतो ना, त्याच्याकडे बघायचं. करंगळी पारड्यावर टेकलेली असते ती त्याच हाताची." हा धडा त्या कार्यालयाच्या हाडीमासी खिळला होता. लग्नाला गेले तरी ही मंडळी वाढणाऱ्याच्या रिकाम्या हाताकडे बघत.

आता जादूगाराचं सारं पोट चालतं ते याच्या नेमकं उलट. छूमंतर उजव्या हातातला आवळ्याएवढा लाल चेंडू डाव्या हातात दिल्यासारखं करायचा. डावी मूठ ऐटीत वर न्यायची, तिच्याकडे डोळे लावायचे, फुंकर मारायची. आणि चेंडू तिकडे उजव्या हातात गुपचूप लपलेला. सगळं जग वर जाणाऱ्या मुठीकडे बघतं. हे लोक सोडून.

"उजवा उघड," पंपवाले चहाचा घोट न थांबवता म्हणत. पेट्रोलपंप तपासायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि पंपावरच्या मुरलेल्या लोकांपुढे छूमंतरची काय डाळ शिजणार?

मोठ्या बाई तर कागदावरून मानही पूर्ण वर करत नसत. "उजवी करंगळी आखडली आहे तुमची. डॉक्टरला दाखवा, नाहीतर चेंडू तरी खाली ठेवा."

त्याने पेल्यांची जादू केली, तर पंपवाल्यांनी पेला उचलून सवयीने आधी तळ ठोकून पाहिला. दुहेरी तळाची मापं पकडण्यात त्यांची हयात गेली होती. पत्त्यांची केली, तर काकांनी एकही पत्ता न ओढता अख्खा जोड आत नेऊन काट्यावर ठेवला आणि बाहेर येऊन सांगितलं, "यात एक पत्ता जास्त आहे." पुढची जादूच बंद.

शेरास सव्वाशेर भेटावा हे ठीक, पण इथे कार्यालयभर सव्वाशेरच बसले होते. तरीही तो हसत होता, रोज चेंडू घेऊन येत होता. दुखलं ते वेगळ्याच ठिकाणी.

झालं असं, की एकदा जेवताना चिऊने विचारलं, "बाबा, तुझ्या ऑफिसात तुझी जादू पकडतात का रे?" आणि या सरळ माणसाच्या तोंडून निघून गेलं, "छे! आजवर एकालाही जमलेलं नाही."

बायकोने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. चिऊने मात्र ते वाक्य शाळेत नेलं. वर्गातल्या एका चष्मेवाल्या मैत्रिणीला ते पटेना, तेव्हा चिऊने सगळ्यांसमोर जाहीर केलं की येत्या रविवारी माझ्या वाढदिवसाला या आणि बघा. चोर पकडणाऱ्यांना जे पकडता येत नाही ते तुम्हाला काय येणार! हे तिने घरी येऊन इतक्या अभिमानाने सांगितलं, की छूमंतरने तोंडाकडे नेलेला घास परत ताटात ठेवला.

रविवारी मुलं फसतील की नाही याची त्याला चिंता नव्हती. मुलं काय, फसायलाच येतात. त्याला खात होतं ते ते वाक्य. लेकीला आपण खोटं माप दिलं, आणि ते ती गावभर खरं म्हणून विकते आहे. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, जाऊ दे, पोरीला काय कळतंय. पण हा पडला वजनमाप्या. त्याने ठरवलं, खोटं बोललोच आहे तर रविवारच्या आत ते खरं करून दाखवायचं. तिघांपैकी निदान एकाला फसवायचं. फसवून प्रामाणिक व्हायचा हा मार्ग जगात दुसऱ्या कुणाला सुचला नसता.

तो आठवडा वाईट गेला. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, रोज "उजवा उघड". एकदा तर पंपवाल्यांनी त्याच्याकडे पाठ केलेली असताना म्हटलं.

गुरुवारी तो, काका आणि पंपवाले एका किराणा दुकानाच्या तपासणीला गेले. दुकानदार उजव्या हाताने डाळ ओतत होता, बडबडत होता, आणि तिघे निरीक्षक कमरेत वाकून त्याच्या डाव्या हाताकडे टक लावून बघत होते. डावा हात निष्पाप निघाला. तिघे सरळ उभे राहिले, तेव्हा पंपवाल्यांची छत्री गायब!

"अहो, मघाशी आलेली एक गिऱ्हाईक ताई घेऊन गेली की," दुकानदार म्हणाला. "तुमच्या नाकासमोरून. स्वतःची समजून उचलली, उघडून बघितली, मिटली आणि गेली. मला वाटलं तुमच्यातलीच आहे."

पंपवाले त्या ताईच्या मागे धावले. काका हसत सुटले. छूमंतर मात्र तिथेच उभा राहिला, आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ही माणसं आंधळी होती! गप्प हाताकडे बघून बघून हलत्या हातापुरती ठार आंधळी. यांच्यापासून काही लपवायचंच नाही. उघड करायचं.

शुक्रवारी चहाच्या वेळी त्याने डावी मूठ टेबलावर ठेवली. घट्ट, निश्चल, करंगळी किंचित आखडलेली. उजव्या हातात लाल चेंडू नाचवत तो म्हणाला, "आज शेवटचं. परत त्रास देणार नाही."

तिघांचे डोळे डाव्या मुठीवर खिळले. त्याने उजवा हात हवेत फिरवला, चेंडू सरळ स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकला, हात बाहेर काढला, टिचकी वाजवली. चोरी कसली, दिवसाढवळ्या टाकला, पोस्टात पत्र टाकावं तसा.

"डावा उघड," पंपवाले म्हणाले.

डावा रिकामा.

"उजवा?"

उजवाही रिकामा.

पंपवाल्यांचा चहा बशीत सांडला. मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि म्हणाल्या, "पुन्हा करा." त्याने पुन्हा केलं. काका इरेला पेटले. त्यांनी त्याची डावी मूठ काट्यावर ठेवायला लावली आणि आकड्याकडे बघत राहिले. आकडा हलला नाही. चेंडू गेला.

"डावा हात हललाच नाही," काका हताश होऊन म्हणाले. "मी शपथेवर सांगतो."

"मग गेला कुठे?" मोठ्या बाई चिडल्या होत्या. "छूमंतर, सांगा. हा हुकूम समजा."

"बाई, जादूगार सांगत नसतात," तो म्हणाला. त्या दिवशी तो घरी चालत गेला. बसमध्ये बसवेना इतका आनंद झाला होता. लेकीला दिलेलं माप आता पुरं भरलं होतं.

जेवताना त्याने मुद्दाम चिऊला सांगितलं, "आज मोठ्या बाईंनासुद्धा पकडता आलं नाही."

"ते माहितीच आहे," चिऊ म्हणाली. "त्यात काय नवीन?"

रविवारी घर मुलांनी भरून गेलं. फुगे फुटले, सरबत सांडलं, आणि अखेर सगळी सतरंजीवर बसली. चष्मेवाली अगदी पुढे, हाताची घडी घालून. तिच्या शेजारी चिऊ, नवा फ्रॉक, डोळ्यांत चमक. छूमंतरने डावी मूठ टेबलावर ठेवली. ज्या जादूने सगळं वजनमापे कार्यालय गार केलं, ती या चिमुरड्यांसाठी म्हणजे जरा जास्तच, असं त्याच्या मनात आलंसुद्धा. त्याने लाल चेंडू नाचवला, खिशात टाकला, टिचकी वाजवली.

कुणी टाळी वाजवली नाही.

"काका," चष्मेवाली सौजन्याने म्हणाली, "तुम्ही तो खिशात टाकलात."

अरे देवा! मुलं हलणाऱ्या हाताकडे बघतात. सगळं जगच हलणाऱ्या हाताकडे बघतं. हे त्याला गुरुवारपासून आठवलंच नव्हतं. सतरंजीभर हशा पिकला, "खिशात! खिशात!" असा ओरडा झाला, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या बायकोने कपाळाला हात लावला.

फक्त चिऊ हसत नव्हती. बापाबरोबर बाजारात हिंडून ती त्याच शाळेत तयार झाली होती. ती डाव्या मुठीकडे बघत बसली होती. "खोटं!" ती उसळली. "मी बघत होते. खिशात कसा जाईल? बाबा, पुन्हा कर. दाखव यांना."

नाही कसं म्हणणार? दुसरी काही जादू खिशात नव्हती. खिशात फक्त चेंडू होता. त्याने पुन्हा केलं. मुलं पुन्हा ओरडली. चिऊचे कान लाल झाले. "अजून एकदा," ती म्हणाली.

तिसऱ्यांदा चेंडू वर गेला तेव्हा चिऊने डाव्या मुठीवरची नजर काढली आणि उजव्या हाताकडे वळवली. त्याला ते दिसलं. हात थांबवावा असं वाटलं, पण सवयीने हात आपलं काम करून मोकळा झाला. चेंडू खिशात पडला. चिऊने तो पडताना पाहिला. मग तिने बापाच्या तोंडाकडे पाहिलं.

"दिसलं ना आता?" चष्मेवाली म्हणाली.

"मला नाही काही दिसलं," चिऊ म्हणाली. "हवेतच गेला."

"अगं, खिसा फुगलाय बघ!"

"तो रुमाल आहे. बाबा नेहमी वरच्या खिशात रुमाल ठेवतो." उजवा हात नाचवत ती मैत्रिणींना तावातावाने समजावत होती. छूमंतरने सवयीने तिच्या दुसऱ्या हाताकडे पाहिलं. डाव्या मुठीत नव्या फ्रॉकचं टोक घट्ट आवळलेलं होतं. "चला, केक कापायचाय," चिऊने हुकूम सोडला, आणि केकपुढे जादू कुणाच्या लक्षात राहते?

मुलं गेल्यावर तो मोरीवर बशा विसळत होता आणि चिऊ पुसून रचत होती.

"बाबा," ती म्हणाली, "ऑफिसात पण असंच झालं होतं का?"

"कसं?"

"म्हणजे त्यांना दिसलं, पण ते बोलले नाहीत. तुला वाईट वाटेल म्हणून."

"नाही गं!" तो ओली बशी हातात घेऊनच तिच्याकडे वळला. "ते खरंच फसले. अगदी खरं. काकांनी तर माझा हात काट्यावर ठेवून बघितला. मोठ्या बाईंनी हुकूम दिला मला, सांगा म्हणून. तुझी शपथ, चिऊ."

चिऊने बशी पुसली, उजेडात धरून पाहिली, बाकीच्यांवर नीट ठेवली. मग लहानपणी तो आजारी पडला की त्याची आई फिरवायची तसा तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"किती चांगली माणसं आहेत ना तुझ्या ऑफिसातली," ती म्हणाली.

छूमंतरने तोंड उघडलं. मुद्दे पुष्कळ होते, साक्षीदार तीन होते, आणि उद्या तिला कार्यालयात नेऊन सगळं सिद्धही करता आलं असतं. त्याने पुढची बशी पाण्याखाली धरली.

"हो," तो म्हणाला. "फार चांगली आहेत."