परण्यातली बाटली

"आ कर रं मास्तर! डाक्टरची गोळी मोठी का माझी बाटली, बघू."

एवढं बोलून त्यानं माझा जबडा दाबला. दोघांनी मागून हात धरले. दारू घशात गेली, नाकात गेली, बँडच्या लाल कोटावर सांडली. लग्नाआधी नवरदेवाला घोड्यावरून मारुतीला नेतात, तो परण्या चालला होता. मागं सगळं वऱ्हाड. सगळ्यांचे मोबाईल माझ्या तोंडासमोर.

बाटली धरणारा नवरदेवाचा धाकटा भाऊ. गावातल्या बड्या घरचा. मी बँडमास्तर, क्लॅरिनेट वाजवणारा. चार महिने दारू सोडण्याच्या गोळीवर होतो. रोज सकाळी बायको समोर उभी राहून ती गिळायला लावायची. दर मंगळवारी साताऱ्याला दवाखान्यात जायचं आणि दुपारी वेल्डिंगच्या दुकानात कामावर परत. भरती होऊन पडलो असतो तर घरात चूल कुणी पेटवली असती? डॉक्टरांनी बजावलं होतं, गोळी चालू असताना घोटभर दारूही जिवावर बेतेल.

हे त्या घराला माहीत होतं. मीच सांगितलं होतं, तीच माझी चूक. आमच्या धंद्यात सुपारी ठरते तेव्हा बाटल्याही ठरतात. मी हात जोडून म्हणालो होतो, "मला तेवढा आग्रह नको, औषध चालू हाय." वाटलं, खरं सांगितलं की माणसं माणसासारखी वागतील. महामूर्ख मी.

दहा मिनिटांत अंग लालबुंद झालं. छाती फुटेल अशी धडधडायला लागली. मारुतीच्या पायरीवर मी ओकत होतो आणि ते हसत होते. "मास्तर आउट!" दवाखान्यात सलाईन लागलं. तिसऱ्या दिवशी लेक शाळेतून आली ती रडतच.

"पप्पा, वर्गात समद्यांनी मोबाईलवर बघितलं. तुमी का न्हाई मारलं त्याला?"

 चौदाव्या वर्षी पहिल्यांदा वाजवायला गेलो, तेव्हाही अशाच एका परण्यात माझं तोंड उघडून ओतली होती. बापाला वाटलं, पोराचं कौतुक चाललंय. मलाही इतकी वर्षं तेच वाटत आलं. कसलं कौतुक! व्यसन असल्याच वऱ्हाडांनी लावलं, आणि सोडायची परवानगीही मी त्यांच्याकडंच मागत होतो.

डॉक्टरांनी गोळी परत सुरू केली. मी एकही मंगळवार चुकवला नाही. आणि वाट बघितली.

वर्षानं त्याच धाकट्याचं लग्न ठरलं. लग्नाची तिथ दाट, दुसरा बँड मिळेना. सुपारी घेऊन माझ्याच दारात आले. मी घेतली. मनात काय आहे ते बँडातल्या कुणालाही सांगितलं नाही.

परण्या मारुतीला आला. आमच्याकडं नवरदेव देवाच्या पाया पडून वाजतगाजतच मांडवात जातो. न वाजवता गेला तर अपशकुन. मुहूर्ताला वीस मिनिटं होती. तो पाया पडून घोड्यावर बसला आणि मी क्लॅरिनेटच्या तोंडाची पत्ती, जिच्याशिवाय सूर निघत नाही ती, काढून खिशात घातली. मी थांबलो तसा ढोल थांबला, मग सगळा बँड.

"वाजीव की रं!" त्याचा बाप ओरडला.

"आवं दादा, पोराला खाली उतरवा. माझा जबडा ह्यानं धरला व्हता, हे त्याला समद्या मोबाईलांम्होरं सांगू द्या. मग वाजवतो."

पोरगा घोड्यावरूनच म्हणाला, "ह्या बेवड्यासाठी मी उतरू व्हय?"

नाही उतरला. तसाच गेला. एवढ्या वऱ्हाडात घोड्याच्या टापा तेवढ्या ऐकू येत होत्या. बायका तोंडाला पदर लावून कुजबुजत होत्या. त्याची मान खाली गेलेली मी बघितली आणि मला लय गोड वाटलं. खोटं कशाला सांगू?

"पोटावर पाय दिलास गड्या," आमचा ढोलवाला म्हणाला. खरंच होतं ते. नवरदेवाच्या भावकीनं आमच्या हंगामातल्या सगळ्या सुपाऱ्या मोडल्या. आता मी दुकानात जादा काम करतो. गोळी चालू आहे.

त्या घरात त्याच्याही पाठचा तिसरा भाऊ लग्नाचा आहे. परवा निरोप आला, झालं गेलं विसर, वाजवायला ये. आलेल्या माणसाला मी दारातच सांगितलं, "आधी धाकट्याला मारुतीम्होरं उभा करा. विसरायला दारू लागती. ती मी सोडली."