मागं घेणाऱ्याचा चहा

आमच्या गल्लीत दुकान बदलायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात लोणावळ्यात धुकंसुद्धा उतरत नाही. मी एकदा चप्पल शिवायला टाकली आणि चार दिवसांनी आणायला गेलो, तर चप्पल शिवणाऱ्याच्या जागी मोमोवाला! मी विचारलं, "माझी तयार आहे का?" तो म्हणाला, "व्हेज की चिकन?" मी म्हटलं, "चामड्याची." त्यानं शांतपणे मेनूकार्ड दोन्ही बाजूंनी तपासून बघितलं.

माझ्या पॅन्टचं माप घेतलं टेलरनं, पॅन्ट हातात दिली चॉकलेटचं फज विकणाऱ्यानं. पिठाच्या गिरणीत हल्ली ट्रेकिंगचे बूट मिळतात, आणि पायात घातले की मोज्याला बाजरीचं पीठ लागतं असं मी पाहुण्यांना सांगतो. बाकी उरली ती सगळी चिक्कीची दुकानं. प्रत्येकाच्या पाटीवर तोच सगळ्यांत जुना. काही पाट्यांना हात लावला तर तो जुनेपणा बोटाला चिकटून येतो, इतका ओला असतो.

गल्ली बाजारातून निघते आणि स्टेशनच्या रस्त्याला लागते. रुंदी म्हणाल तर एक गाडी आणि अर्धा माणूस. शनिवार-रविवारी मोठा रस्ता तुंबला की पाहुण्यांचा फोन त्यांना सांगतो, इथून आत वळा. ते वळतात. पलीकडून दुसऱ्याचा फोन त्याला वळवून आणतो. मग दोन गाड्या नाकाला नाक लावून उभ्या, आणि काचा खाली.

"तुम्ही घ्या मागं!"

"मी का म्हणून? मी या गल्लीत जन्मलोय!"

"मग इतक्या वर्षांत रिव्हर्स शिकला नाहीत होय?"

आता ही भांडणं मिटवायची कोणी? पोलिसांची शिट्टी आमच्या गल्लीत पाखरांची समजतात. मिटवायची ती चहावाली मावशी. मूळची वडिवळे गावची. एका बंद गाळ्याच्या शटरला टेकून तिची लाकडी टपरी होती, आणि त्या टपरीवरच तिनं दोन पोरींची लग्नं लावून दिली होती. हॉर्न सुरू झाले की ती आलं घातलेल्या चहाचा ग्लास भरायची, दोन्ही गाड्यांच्या मधोमध रस्त्यावर ठेवायची आणि कमरेवर हात ठेवून सांगायची, "ह्यो निवायच्या आत जो गाडी मागं घेईल, चा त्येचा. पैसं पुढं जानारा देईल."

संपलं! एवढाच कायदा. पण त्या वाफेपुढं भलेभले वाकलेले मी बघितलेत. एक लक्झरी बसवाला चहाच्या नादात मागं घेत घेत खंडाळ्यापर्यंत गेला होता. खोटं वाटत असेल तर वाटू द्या, बस खंडाळ्यात होती एवढं खरं.

मी शाळेची व्हॅन चालवतो, आणि माझा शेजारी गॅसच्या टाक्यांचा टेम्पो. आम्ही दोघांनी संगनमत केलं. रोज सकाळी तो बाजाराकडून यायचा, मी स्टेशनकडून. एक दिवस त्यानं मागं घ्यायचं, एक दिवस मी. पैसे दुसऱ्यानं द्यायचे. म्हणजे नीट बघितलं तर कुणालाच काही फुकट मिळत नव्हतं, हे आमच्या ध्यानात यायला बरेच महिने गेले. तोवर माझी व्हॅन अशी बिघडली, की पुढचा गिअर टाकला तरी आधी मागं वळून बघायची. मावशी म्हणायची, "रोज तुमीच दोगं कसं वं समोरासमोर येताय? मुहूर्त काढताय का?"

असं सगळं सुखात चाललेलं असताना तो बंद गाळा एका तरुण चिक्कीवाल्यानं घेतला. माणूस वाईट नव्हता. बोलायला गोड, शर्टाला इस्त्री.

"मावशी, शनिवारी उद्घाटन आहे. टपरी तेवढी काढावी लागेल."

"काढून ठिऊ कुटं, दादा?"

"ते आता तुम्ही बघा."

गल्लीत दुसरी रिकामी जागा म्हणजे आमच्या डोक्यावरचं आभाळ. मावशी आम्हाला म्हणाली, "कान्हे गावाला भैनीकडं जाते. रेल्वेच्या फाटकापाशी बसंन. तितं गाडीला आगगाडी आडवी येती, भांडायची सोयच न्हाई." आम्ही हसलो. ती पण हसली. पण उतारवयात बहिणीच्या दारात जाऊन राहायचं म्हणजे काय, हे तिनं सांगितलं नाही आणि आम्हाला विचारायचा धीर झाला नाही.

शुक्रवारी टपरी खोलून फळ्या माझ्या अंगणात ठेवल्या. शनिवारी सकाळी स्टो, किटली, ग्लास आणि खारीची बरणी रिक्षात घालून मावशी निघाली. पोचवायला म्हणून मागं माझी व्हॅन. गल्लीत शिरलो तर आमच्या पुढं एक पिकअप होता, आणि त्यात नव्या दुकानाची चिक्की होती, खोक्यांवर खोकी. पिकअप दुकानासमोर पोचतो न पोचतो तोच बाजाराकडून एक पांढरीशुभ्र गाडी आली आणि त्याच्या नाकाला भिडली. गाडीत चिक्कीवाल्याचे सासरे होते. पुण्याहून, फीत कापायला!

"मागं घे रे," सासरे म्हणाले.

"काका, मागं रिक्षा, रिक्षामागं व्हॅन, व्हॅनमागं अख्खी मुंबई. मागं घेऊ कुठं, समुद्रात?"

"जावयाच्या दारातून मी मागं जायचं? उद्घाटनाच्या दिवशी?"

झालं! दोन्ही तोंडांना रांगा लागल्या. एका गाडीतल्या बाईंनी पिशवीतले मटार काढून सोलले, सोलून संपल्यावर शेजारच्या गाडीतले मागून घेतले. एका जोडप्याचं भांडण होऊन मिटलं आणि नव्या विषयावर पुन्हा जुंपलं. एका गृहस्थांची दाढी तर मी माझ्या डोळ्यांनी वाढताना बघितली. आणि चिक्कीवाला दारात, हातात कात्री घेऊन उभा. दुकान आहे, फीत आहे, पण आत चिक्की नाही आणि कापायला सासरे नाहीत. आतल्या फळ्या अशा रिकाम्या की पाहुण्यांनी त्यांवर पर्स ठेवायला सुरुवात केली होती.

गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "अरे, मावशी रिक्षात बसलीय की!"

चिक्कीवाला धावत आला. "मावशी, एक चहा करता का? तो... रस्त्यावर ठेवायचा."

"दुकान बंद झालं, दादा. तुमीच केलं न्हवं?"

"आजचा दिवस फक्त."

"आन स्टो कुटं मांडू? डोस्क्यावर?"

त्यानं आपल्या नव्याकोऱ्या संगमरवरी पायरीकडं बघितलं. "पायरीवर मांडा."

"डाग पडंल."

"पडू द्या."

"आन उद्या?"

मागून हॉर्नचा एक सामुदायिक हंबरडा आला. "उद्याही मांडा, मावशी."

"आन परवा?"

"आधी चहा तर करा..."

"मी परवाचं इचारलं."

तेवढ्यात सासऱ्यांनी काचेतून डोकं काढलं. "जावईबापू! मी इथूनच परत पुण्याला जाऊ का?"

"परवाही मांडा! तेरवाही! रोज मांडा!" चिक्कीवाला किंचाळला. "अख्खी पायरी तुमची, पण स्टो पेटवा!"

"ऐकलं ना सगळ्यांनी?" मावशीनं गल्लीला विचारलं. "ऐकलं!" गल्ली म्हणाली. सगळ्यांत मोठ्यानं मी. मग ती सावकाश रिक्षातून उतरली.

आल्याचा वास सुटला. ग्लास रस्त्यावर आला. मावशीनं कायदा सांगितला, आणि सासऱ्यांचा हात गिअरकडं जाताना पिकअपवाल्यानं बघितला. त्यानंही रिव्हर्स टाकला. मागच्या रिक्षाला वाटलं चहा आपल्यालाच, मला वाटलं मला, माझ्या मागच्या मुंबईलाही तसंच वाटलं. दोन्हीकडून सगळ्या गाड्या अशा सुसाट मागं गेल्या, की बघता बघता गल्ली रिकामी. मधोमध एक ग्लास, आणि त्याच्याभोवती डौलात फिरणारं एक कबुतर.

आता दोन्ही तोंडांना इंजिनं चालू, आणि आत कोणी शिरेना!

"तुम्ही या आधी!"

"छे छे, तुम्ही या!"

पुढं येणाऱ्याला पैसे पडणार ना! चिक्कीवाला रस्त्यात उभा राहून दोन्ही हातांनी बोलावतोय, आणि अख्खा महाराष्ट्र त्याला रिव्हर्सचे दिवे दाखवतोय. शेवटी सासरेच गाडी तिथं सोडून चालत आले. पिकअपमधली खोकी आम्ही गल्लीकरांनी रांग धरून हातोहात आणली. वाटेत एक-दोन फुटली असतील, आणि फुटलेली चिक्की परत जोडता येत नाही, त्यामुळं ती खावीच लागली.

सासऱ्यांनी पायरीवर बसून चहा घेतला. मग आणखी एक. फीत कापायला उठा म्हटलं तर म्हणाले, "थांब रे, हा संपू दे." तोवर पायरीवर एवढे लोक दाटले होते, की दुकानात जायचं तर मावशीला वळसा घालावा लागत होता.

चिक्कीवाला हळूच म्हणाला, "मावशी, थोडं डावीकडं सरकवता का? गिऱ्हाईकाला वाट..."

"डाव्या अंगाला बसायची जागा हाय," मावशी म्हणाली. "तुमचंच गिऱ्हाईक बसतंय न्हवं? आत नळ हाय का तुमच्याकडं?"

"आहे."

"मग दोन बादल्या भरून आना. ग्लास इसळायचेत."

तो कात्री खिशात घालून बादल्या आणायला आत गेला.