पातळ म्हणजे तुझं पातळ

गुरुजी पडले तेव्हा टिटवी, आमची रिमोटवरची बोट, तलावाच्या मधोमध होती आणि पूर्ण वेगात होती. धप्प आवाज झाला म्हणून मी वळले, तर ते काठावरच्या दगडांवर पालथे आणि रिमोट छातीखाली. मी त्यांना उताणं केलं. डोळे उघडे होते, पण नजर नव्हती. तेवढ्यात पाण्यातून आरोळी आली. मासे धरणारा किशन छातीएवढ्या पाण्यात उभा, जाळं अंगाला गुंडाळलेलं, पाय गाळात रुतलेले, आणि बोट सरळ त्याच्यावर निघालेली. तो त्याच्या टोकाला, आम्ही आमच्या टोकाला, असा आमचा जुना करार होता. पण बोटीला करार काय ठाऊक? बोट माझ्या हाताएवढीच लांब, पण मागचा धातूचा पंखा इतका गरगरतो की दिसतही नाही. हाताचं बोट मधे घातलं तर बोट जातं. मी रिमोट उचलला. वेगाची काडी दगडावर आपटून मोडली होती आणि आत अडकून बसली होती. वेग कमी होईना. रिमोट बंद पडला की आपोआप थांबायची सोय नव्या बोटींत असते, आमची जुनी. फक्त वळवायची काडी हलत होती, आणि इतक्या वर्षांत मी रिमोट कधी हातात धरला नव्हता.

हे सांगण्याआधी बोटीचं सांगते, नाहीतर कळायचं नाही. गुरुजी म्हणजे माझे मालक. बोरीच्या शाळेत मास्तर होते, रिटायर झाल्यावर आम्ही पेडगावला आलो. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं, मीही तेच म्हणायची. मी चौथी शिकलेली, तेव्हा चुकीचं काही नव्हतं. एकदा हैदराबादला लग्नाला म्हणून गेले आणि परत आले ते धोतरात काहीतरी गुंडाळून. मला वाटलं शिलाई मशीन आणली. सोडून बघते तर बोट. तिथल्या तलावावर माणसं अशा बोटी पळवताना बघितली आणि कुणाची तरी जुनी घेऊन आले. मी म्हटलं, नातवंडं खेळवायच्या वयात तुम्हीच खेळा. ते इंजिन पुसत बसले.

मला त्या बोटीजवळ नेलं ते एरंडेलाच्या वासानं. तिच्या इंधनात एरंडेल असतं, स्पिरिटासारखं एक पाणी असतं आणि नायट्रो नावाचं जालीम औषध असतं. लेकरांची पोटं साफ करण्यात माझा जन्म गेला, तो वास मी झोपेतही ओळखीन. बाहेर आले तर गुरुजी इंजिनाच्या चाकाला दोरी लावून ओढत होते, घामाघूम, आणि इंजिन नुसतं ठसकत होतं. मी घरात गेले, रवीची दोरी आणली, चाकाखालून घेतली आणि एक झटका दिला. ताक घुसळणाऱ्या बाईला तो झटका शिकवावा लागत नाही. आणि ते इंजिन असं किंचाळलं की शेजारच्यांची म्हैस दावं तोडून पळाली! गुरुजी नाचले. खरंच नाचले, धोतर धरून.

त्या दिवसापासून चालू करणं माझं आणि पळवणं त्यांचं. नाव टिटवी ठेवलं, कारण तशीच ओरडत पाण्यावरून पळायची, पाण्याला पोट टेकलं न टेकलं असं. मग मला सुईचा नाद लागला. या इंजिनात एक बारीक सुई असते, ती उघडली की इंधन जास्त जातं, मिटली की कमी. जास्त गेलं तर इंजिन धूर ओकतं, घोगरं होतं, सुस्त पळतं. कमी झालं तर आवाज बारीक होत वर चढतो, धूर जातो, बोट बाणासारखी सुटते, आणि तसंच ठेवलं तर तापून जळतं. सगळी मजा त्या दोहोंच्या मधल्या केसाएवढ्या जागेत. बोट काठाला आली की मी इंजिनावर पाण्याचा थेंब टाकायची, भाकरी टाकण्याआधी तव्यावर टाकतो तसा. थेंब उडाला तर तापलंय, सावकाश चरचरला तर ठीक.

पुढं गुरुजींना हैदराबादच्या शर्यतीत उतरायची हौस आली. रेल्वेत टिटवी माझ्या मांडीवर. टीसीनं विचारलं, आजी, हे काय? मी म्हटलं, तान्हं आहे, तिकीट लागत नाही. तिथं सगळी पँटवाली माणसं, त्यांच्या चकचकीत पेट्या, आणि त्यांच्यात लुगड्यातली मी एकटी. ऊन असं की काठाच्या दगडांना हात लावता येईना. शर्यत मोठी होती, मधे एकदा बोट काठाला घेऊन टाकी भरायची मुभा होती. टिटवी आली तेव्हा गुरुजी ओरडले, "पातळ कर, पातळ कर!" मी सुई उघडली. बोट निघाली ती चुलीसारखा धूर सोडत, म्हशीच्या चालीनं.

"अगं, पातळ कर म्हन्लं हुतं, काय करायलीस?"

"पातळच केली की. वरण पातळ कर म्हन्ल्यावर पानी वाढवत्यात का आटवत्यात?"

ती माणसं इंधन कमी करण्याला इंग्रजीत एक शब्द वापरत, त्याचं गुरुजींनी मनातल्या मनात पातळ केलं होतं. माझ्या स्वयंपाकघरात पातळ म्हणजे उलटं. त्यांनी कपाळाला हात लावला. मग त्या उन्हात एकेक बोट बंद पडायला लागली. आधी बारीक किंचाळी, मग गप्प. सगळ्यांनी वेगासाठी सुया मिटल्या होत्या. आमची मात्र खोकत खोकत फिरत राहिली... शेवटी पाण्यावर दोनच बोटी उरल्या आणि आमची दुसरी आली. गुरुजी परतीच्या गाडीत पिंगळी स्टेशन येईपर्यंत एकटेच हसत होते. मग म्हणाले, "आता पातळ म्हंजे तुझं पातळ." तेव्हापासून आमच्या घरात तेच चाललं.

त्या दिवशी सकाळीही ऊन कडक होतं. मी दोरी ओढली, टिटवी ओरडली. गुरुजी म्हणाले, "जरा पातळच ठेव, ऊन लय हाय." त्यांचं शेवटचं बोलणं हेच. मी सुई उघडून दिली.

तर रिमोट माझ्या हातात होता. मी काडी ढकलली, टिटवी किशनच्या पुढून सुर्रकन गेली, लांब वळसा घेऊन तिनं आमच्या काठाकडं तोंड केलं, आणि मधे पुन्हा किशन. मी पुन्हा तीच काडी तिकडंच ढकलली, तर बोट उलट त्याच्याकडंच वळली. बोट समोरून यायला लागली की डावं ते उजवं होतं. नव्या माणसांना गुरुजी सांगायचे, ते आठवलं. पाठ फिरवा, खांद्यावरून बघा, मग डावं ते डावंच राहतं. मी पाठ फिरवली. आता तोंड गुरुजींकडं, मान बोटीकडं. पुढं माझा माणूस पडलेला आणि मला खाली बसता येईना. मी टिटवीला रिंगणात घातलं, आमच्या टोकाला, गोल, गोल, आणि टाकी रिकामी होण्याची वाट बघत राहिले. धूर दिसत होता. पातळ ठेवली होती म्हणून इंधन भराभर जात होतं. घट्ट असती तर किती वेळ तशीच फिरत राहिली असती कोण जाणे... मग आवाज बारीक झाला, वर चढला, तुटला.

मी रिमोट टाकला आणि खाली बसले. डॉक्टर म्हणाले, पडले तेव्हाच संपलं होतं. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले की खरंच, ते मी विचारलं नाही.

किशन गुरुजींच्या तेराव्याला आला होता. म्हणाला, "मामी, तुमी माझ्याकडं पाठ केली तवा मी देवाचं नाव घेतलं. म्हन्लं, म्हातारीनं सोडलं मला." मी म्हटलं, "देवाचं कशाला घेतलं, गुरुजीचं घ्यायचं."

बोट त्यानंच पाण्यातून काढून आणली. इंजिनात इंधन तसंच ठेवलं तर गंज चढतो, म्हणून मी ते झटकून साफ केलं आणि आत तेल सोडलं. परवा अंगणात ती बाजेला बांधली, टाकीत थोडंसं घातलं आणि रवीची दोरी ओढली. एका झटक्यात लागली. शेजारची म्हैस आता पळत नाही, सवयीची झाली. सगळ्या घरात एरंडेलाचा वास भरला. सुई जिथं त्यांनी सांगितली तिथंच आहे, मी हलवलेली नाही.

त्या दिवशी तलावावर आम्ही तिघं होतो. किशन आहे, मी आहे.