सहा पिशव्या चिखलासाठी नाट्याला

सोबतीला येता का म्हणून चौघी मैत्रिणींना विचारलं. खाडीतला चिखल आणायचाय म्हटल्यावर चौघीही हसल्या. शनिवारी पहाटे अलोऱ्याहून एकटीच निघाले.

चिपळूण, राजापूर, मग नाटे गावाची एसटी. राजापुरात दोन तास ताटकळले. जाणार असाल तर गाडीची वेळ आधी विचारून ठेवा. खाडीकाठी एका मावशींकडे माशाच्या जेवणासकट खोली सहाशेत मिळाली.

संध्याकाळच्या ओहोटीला कांदळवनात उतरले. गुडघाभर काळा, कुजक्या वासाचा चिखल. त्यात मुरलेला पानापाचोळा होड्यांच्या रंगातून सुटणारं तांबं धरून ठेवतो, पाण्यात फार जाऊ देत नाही. कुणाचं लक्ष नसताना चाललेलं हे काम मला फार मोठं वाटतं. ती पकड मोजायची, तर चिखल ओला आणि हवाबंद राहायला हवा. वाळला की ती बदलते. सहा पिशव्या भरून बर्फाच्या डब्यात घातल्या आणि डबा पडवीत ठेवला.

रविवारी यशवंतगड बघून परतले, तर अंगणात सुकत घातलेल्या बांगडा माशांशेजारी माझा चिखल पसरलेला!

"मावशी, हे काय?"

"वास मारत होता गो! वाळला की न्यायला हलका. एवढी शिकलीस नि एवढं कळत नाय?"

सोमवारी प्रयोगशाळेतल्या यंत्रावर माझा नंबर होता. तो हुकला तर पुढचा महिन्याने, म्हणजे प्रबंधही लांबणार. पाणी शिंपडून पिशव्या पुन्हा बांधल्या असत्या, तर कुणाला कळलं नसतं. आईला फोन लावला.

"जेवलीस का?"

"जेवले," म्हटलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. तिला यातलं काय सांगणार?

शेवटची एसटी सोडली आणि ओहोटीला पुन्हा उतरले. मावशी काठावरून ओरडल्या, "आता परत कशाला?"

"ओलाच हवा, मावशी. हवा लागता कामा नये."

"मग तसं सांगायचंस ना बाय!"

खरंच, सांगितलंच नव्हतं. त्यांना काय कळणार, असं मीच ठरवून टाकलं होतं.

नाट्याचा समुद्र सुंदर आहे, जरूर जा. मी मात्र सोमवारभर डबा मांडीवर घेऊन प्रवास केला. यंत्रावरचा नंबर गेलाच.

"डब्यात काय?" आईने दारातच विचारलं. 'कॉलेजचं काम' असं म्हणायची सवय. या वेळी ओट्याशी बसून सगळं सांगितलं: पानं, तांबं, हवा. किती कळलं, ठाऊक नाही. फ्रिजमधली भाजी सरकवून तिने जागा केली, आणि डब्याचं झाकण दोनदा दाबून पाहिलं.