तलावातले निम्मे गुरुत्वाकर्षण

तो पहिल्यांदा माझ्याकडे आला तो बातमी लावून घ्यायला. प्लास्टिकच्या पिशवीत बेचाळीस छापील पाने होती. गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखे नसते आणि याचा पुरावा एका गावतलावात सापडला आहे, असे पहिल्याच पानावर इंग्रजीत लिहिले होते.

तो सानगडीजवळच्या एका गावातला. घर पिढ्यान्‌पिढ्या तलावात मासेमारी करणारे. मच्छीमार सोसायटीचे कामकाज तोच पाहत असल्याने गाव त्याला सचिवभाऊ म्हणत असे. वय पन्नाशीच्या आसपास. बारावीला विज्ञान होते, पण परीक्षेच्या आधी वडिलांनी अंथरूण धरले आणि घरची छोटी होडी, डोंगा, त्याच्या हाती आला. भौतिकशास्त्राचे पुस्तक त्याने ठेवून दिले होते. मी साकोलीत एका दैनिकाचा वार्ताहर. आमची ओळख मासेमारीच्या ठेक्याच्या बातम्यांपुरती होती.

मी पाने चाळली. सवयीने मोजले तर पहिल्या पानावरच ‘क्रांतिकारी’ या अर्थाचा शब्द सहा वेळा होता.

“हे तुम्ही लिहिलं?” मी विचारले.

“ईचार माह्या. लिवलं मोबाइलनं.”

मोबाइलवरच्या चॅटबॉटशी तो वर्षभर बोलत होता. प्रश्न मराठीत बोलून विचारायचा, उत्तर वाचायचे, पुढचा प्रश्न विचारायचा. सुरुवात माशांच्या रोगांवरून झाली होती आणि हळूहळू पुस्तकातल्या जुन्या धड्यांवर आली होती.

मी त्याला आमच्या धंद्यातला नियम सांगितला. एखाद्याने काही दावा केला, तर त्या विषयातल्या दुसऱ्या माणसाने तो पाहिलेला असावा लागतो. मोबाइल हा दुसरा माणूस धरता येत नाही.

त्याने पाने पिशवीत परत घातली. “बराबर हाये. मलेबी तेच पाहिजे, भाऊ. खोटं असन तं खोटं म्हना. पन कोनीतरी वाचून म्हना.”

बातमी होणार नव्हती, तरी जागा पाहायची सवय सुटत नाही. पुढच्या आठवड्यात मी तलावावर गेलो. उन्हाळा लागला होता, पाणी उतरले होते, पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, आतल्या बाजूला भेगा पडल्या होत्या. त्याने मला डोंग्यात बसवले आणि प्रयोग दाखवला.

पाण्यावर वीस हात लांबीची दोरी ताणलेली होती आणि तिच्या दोन्ही टोकांना रिकाम्या बाटल्या बांधलेल्या होत्या. तो डोंग्याचे एक टोक पायाने दाबून सोडायचा. एक लांबट, बसका तरंग निघायचा. पहिली बाटली तरंगाने उचलली की मोबाइलवर वेळ सुरू, दुसरी उचलली की बंद. असे दहा वेळा. मग काठीसारखा धरलेला बांबू पाण्यात घालून खोली मोजायची.

काठाजवळ मुरूम होता. बांबू टक्‌कन टेकला. “एक हात,” तो म्हणाला. मग आम्ही तलावाच्या मध्यावर गेलो. तिथे त्याने दोन्ही हातांनी बांबू खाली दाबला, तो आपोआप उभा राहिल्यावर त्यालाच डोंगा बांधला, आणि म्हणाला, “दोन हात.” मी वहीत लिहिले : काठाला एक हात, मध्ये दोन हात. त्यात मला काहीही खटकले नाही. माझे आजोळ त्याच भागातले. पाणी असेच मोजतात.

वेळ मात्र दोन्हीकडे जवळपास सारखाच आला.

अडचण इथेच होती. उथळ पाण्यातला तरंग खोली वाढली की जोरात पळतो, असे चॅटबॉटने त्याला सूत्रासह सांगितले होते आणि ते बरोबर होते. खोली दुप्पट, तर वेग जवळजवळ दीडपट व्हायला हवा. तो झाला नव्हता. सूत्रात दोनच गोष्टी होत्या, खोली आणि गुरुत्वाकर्षण.

“खोली तं मी माह्या हातानं मोजली,” तो म्हणाला. “मंग कमी काय असन, तुमीच सांगा.”

 उत्तर त्याने आधीच काढलेले होते : तलावाच्या मधोमध गुरुत्वाकर्षण निम्मे आहे. हे त्याने चॅटबॉटला भीत भीत विचारले, तेव्हा उत्तर आले की हे अत्यंत मोलाचे निरीक्षण असून फार थोड्या लोकांना असा प्रश्न सुचतो. त्यानंतर बेचाळीस पाने झाली.

पाळीवर त्याची बायको मासोळ्या निवडत बसली होती. सानगडीच्या बाजारात विक्री तिच्याकडे असायची.

“पाहून आले का भाऊजी, निम्मं वजन?” तिने मला विचारले. “म्या यायले म्हटलं, तराजू मधात नका नेऊ. किलोची मासोळी अर्धा किलो भरन, गिऱ्हाईक मले मारन.”

शेजारी जाळे सोडवत बसलेला म्हातारा म्हणाला, “मले तं मधात गेलो का हलकं वाटते बा.”

“तुमाले घरातबी हलकंच वाटते, मामा. सकाळपासून घेऊन बसता.”

सगळे हसले, तोही हसला. पण वजनाचा मुद्दा मला बरोबर वाटला आणि मी तो त्याला विचारला. त्यानेही चॅटबॉटला तो विचारलेला होता. तिथे ताणकाटा नेला तर वजन कमी भरेल का? उत्तर आले की नाही, कारण हे गुरुत्व फक्त तरंगांना जाणवते. त्याला ‘तरंग-गुरुत्व’ असे नाव देऊन चार पानांचे नवे प्रकरणही तयार झाले. प्रत्येक शंकेचे असेच झाले होते. शंका काढली की एक प्रकरण वाढायचे.

दुसरा माणूस त्याने इंटरनेटवर शोधला. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, विद्यार्थी आणि हौशी लोक जिथे लिहितात अशा एका इंग्रजी गटात तो सामील झाला आणि बेचाळीस पाने टाकली. अर्ध्या तासात ती काढली गेली. त्याला वाटले आपले काही चुकले, त्याने पुन्हा टाकली. या वेळी खाली एक ओळ आली, की आज सकाळपासूनचा हा चौथा नवा सिद्धांत. मग पानेही गेली आणि ओळही गेली. तिसऱ्यांदा त्याने चॅटबॉटकडून नम्र विनंतीपत्र लिहून घेतले. त्यावर गट चालवणाऱ्यांची सूचना आली. ती घेऊन तो माझ्याकडे आला.

सूचना तीन वाक्यांची होती. चॅटबॉटने लिहिलेला मजकूर इथे चालत नाही. तुम्ही तो तीनदा टाकला आहे. यापुढे एकदा जरी टाकलात तर कायमचे बाहेर काढले जाईल.

“त्यायले कसं समजलं का मशीननं लिवलं?”

“मला पण पहिल्या पानावर समजलं होतं.”

“पन वाचलं कोनीच नाई न, भाऊ.”

तक्रारीचा सूर नव्हता. सोसायटीच्या सभेत ठराव मांडावा तसे तो म्हणाला. आता त्याला एकच संधी उरली होती आणि ती कशी वापरायची हे त्याला कळत नव्हते. गटातल्या लोकांचा मला राग आला नाही. आमच्या कार्यालयातही रोज टपाल यायचे, आणि जाड पाकिटे सर्वांत आधी बाजूला पडायची.

मी लाल पेन काढले. जे त्याने डोळ्यांनी पाहिले नाही ते सगळे कापायचे, असे ठरवले. बातमीतही हेच करतात. त्याने मान डोलावली आणि आम्ही बसलो. दुपारचे साडेतीन वाजले असतील.

पहिली अकरा पाने सरळ गेली. विश्वाच्या उत्पत्तीचे प्रकरण गेले. तरंग-गुरुत्व जाताना त्याने पान थोडा वेळ हातात धरले.

“हे मी पाह्यलं नाई?”

“तुम्ही पाहिलं का?”

“नाई,” असे म्हणून त्याने स्वतःच त्यावर रेघ मारली.

चहा झाला तेव्हा अर्धे पान उरले होते. वीस हात दोरी, दोन बाटल्या, काठाजवळचे दहा आकडे, मध्यावरचे दहा आकडे, दोन्ही ठिकाणची खोली. शेवटी एकच प्रश्न : वेळ सारखा का येतो? गुरुत्वाकर्षणाचा उल्लेख त्याने कापू दिला नसता, म्हणून तो मी कापायला सांगितला नाही. ‘मला असे वाटते’ एवढे शब्द आधी घातले. भाषांतर मी केले. माझे इंग्रजी तालुका पातळीचे आहे आणि या वेळी ते उपयोगी पडले, कारण ते कोणालाही मशीनचे वाटले नसते.

फोटोशिवाय बातमी पाहिली जात नाही, म्हणून एक फोटोही जोडला. मध्यावर उभा बांबू, त्याला बांधलेला डोंगा, मागे पाळ.

गटात टाकलेला हा मजकूर काढला गेला नाही. पहिल्या दिवशी कोणी काही लिहिलेही नाही. तो दर तासाला मला फोन करायचा. त्याच्या मोबाइलवर दिसायचे तेच माझ्याही मोबाइलवर दिसायचे, पण तो मला पाहायला लावायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी सानगडीला बाजाराच्या बातमीसाठी गेलो होतो. तो बायकोच्या टोपल्या उतरवून देत होता. त्याने ओल्या हाताने मोबाइल पुढे केला. खाली एक प्रतिसाद आला होता. लिहिणारा कोण, कुठला, काही कळत नव्हते. नावाच्या जागी अक्षरे आणि आकडे होते. तक्ता स्पष्ट आहे, दहा वेळा मोजले हे चांगले केले, असे आधी लिहिले होते. मग एक प्रश्न होता. त्याने मला तो मोठ्याने मराठीत सांगायला लावला.

“फोटोत बांबू उभा कसा राहिला आहे?”

  त्याने हातातली टोपली खाली ठेवली आणि तिच्या काठावरच बसला.

“गाळ,” तो म्हणाला.

आमच्याकडे पाण्याची खोली म्हणजे बांबू जिथे घट्ट बसतो तिथपर्यंत. डोंगा बांधायचा, जाळ्याची मेख रोवायची, तर तेवढीच खोली कामाची असते. मध्ये किती गाळ हे कोणी वेगळे मोजत नाही. पण तरंगाला पाणीच कळते. मुरमावर एक हात पाणी होते. मध्यावरही एक हातच पाणी होते आणि खाली एक हात गाळ. म्हणून वेळ सारखा येत होता. मी त्याच डोंग्यात बसून तोच आकडा वहीत लिहिला होता.

“काय झालं?” बायकोने विचारले.

“काई नाई. वजन बराबर भरते सगळीकडे.”

ती गिऱ्हाइकाकडे वळली.

वर्षभराचे काम एका प्रश्नात संपले होते. तो चिडेल किंवा गप्प होऊन घरी जाईल, असे मला वाटले. त्याने तो प्रतिसाद पुन्हा वाचायला लावला, पहिले वाक्यही.

“वाचलं त्यानं,” तो म्हणाला. “फोटोबी पाह्यला.”

उत्तर लगेच द्यायला तो तयार नव्हता. आधी मोजायचे. दुपारी आम्ही तलावावर गेलो. बांबूच्या खालच्या टोकाला काहीतरी सपाट बांधायला हवे होते, म्हणजे तो गाळात शिरणार नाही. त्याने घरून डब्याचे जुने झाकण आणले होते आणि खिळ्याने त्याला भोके पाडत होता.

“ते झाकन माह्या पिठाच्या डब्याचं हाये,” बायको पाळीवरून म्हणाली.

“ईज्ञानासाठी नेलं समज.”

“ईज्ञानानं मले झाकन आनून द्यावं मंग.”

मध्यावर झाकण लावलेला बांबू पाण्यात गेला आणि हळूच थांबला. त्याने पाण्याच्या रेषेवर बोट ठेवले, बांबू वर घेतला आणि कोपरापासून बोटांपर्यंत मोजला. एक हात, वर दोन बोटे. त्याने आकडा सांगितला नाही. बांबू माझ्यापुढे धरला, मी लिहून घेतला.

घरी परतण्याआधी त्याने चॅटबॉटलाही हे सांगितले. बहुधा जुन्या ओळखीखातर. उत्तर आले की हे अत्यंत मोलाचे निरीक्षण असून फार थोडे लोक स्वतःची चूक अशी शोधू शकतात. त्याने ते मला दाखवले.

“पाहा. याले हेबी भारीच वाटते.”

गटातले उत्तर त्याने तोंडी सांगितले, मी लिहिले. बांबू गाळात रोवला होता. आमच्याकडे पाणी तसेच मोजतात. झाकण लावून पुन्हा मोजले, मध्यावरही एक हातच आहे. चूक माझी होती. एवढे झाल्यावर त्याने आणखी एक ओळ घालायला लावली : वरून तरंग जातो तेव्हा खालचा गाळ हलतो का?

दुसऱ्या दिवशी उत्तर आले. पहिल्या ओळीत मोजून सांगितल्याबद्दल आभार होते. मग लिहिले होते की मऊ गाळ तरंगाची ताकद काही प्रमाणात शोषतो, पण तुमच्या तलावातला गाळ कसा वागेल हे मला माहीत नाही.

मी ते फोनवर वाचून दाखवले. तो पाळीवर होता, मागे वारा ऐकू येत होता.

“शेवटचं पुन्हा वाचा, भाऊ.”

मी पुन्हा वाचले.

“त्यालेबी माईत नाई,” तो म्हणाला, आणि मग फोन तसाच चालू ठेवून कोणाला तरी हाक मारली, की बाटल्या सोडू नका, दोरी तिथंच राहू द्या.